मालिकेवाल्यांना फौजी घरातलं काय सांगायचं, काय नाही?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

सैन्यातल्या हवालदाराच्या घरावर एक रोजची मराठी मालिका येऊ घातली आहे. तिच्या लेखनासाठी सातारा जिल्ह्यातल्या आम्हा आठ फौजी बायकांना बोलावलं आहे. पाचजणींचे नवरे अजून सेवेत आहेत, दोघींचे पेन्शनवर, आणि एक वीरपत्नी आहे. दोन बैठका, प्रत्येकी तीन तास. बोलणं रेकॉर्ड होणार आहे. निरोप इतकाच आला आहे की "तुमचे अनुभव मोकळेपणाने सांगा".

मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. पण नेमकं काय सांगितलं तर पडद्यावर खरं घर उतरेल? नवऱ्याच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून काय गाळायचं? कागदावर सही करायला लावली तर काय बघायचं? आणि वीरपत्नी ताईंना त्या बैठकीत बसवायचं की नाही?

लेखनातले, वकिलीतले आणि सैनिक कल्याणच्या कामातले जाणकार इथे आहेत. "आठवण येते का हो त्यांची?" याच्या पुढचं काही सांगा.

---

दुसरा_ड्राफ्ट

ताई, मालिकेचं लेखन कसं चालतं ते आधी सांगतो, म्हणजे काय द्यायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की साधारण 22 मिनिटं उरतात. रोजच्या मालिकेत बहुधा कथा एकाची असते, पटकथा दुसऱ्याची आणि संवाद तिसऱ्याचे. तुमच्यासमोर बसून टिपणं काढणारी व्यक्ती अनेकदा या तिघांपैकी कोणीच नसते. तुमच्या तीन तासांच्या बोलण्याचं दोन पानी टिपण होतं आणि ते पुढे सरकतं. त्या प्रवासात सगळ्यात आधी गळतं ते "का". मग रडणं तेवढं शिल्लक राहतं, कारण रडणं लिहायला कारण लागत नाही.

म्हणून प्रसंग सांगत बसू नका, घर कसं चालतं ते सांगा. एका विषयाला एक पान ठेवा. त्या पानावर काय अडतं, कधीपर्यंत सुटलं पाहिजे, हातात कोणता कागद किंवा वस्तू आहे, त्या वेळी घरात कोण कोण आहे आणि शेवटी ते कसं सुटतं, एवढं लिहा. आठजणींनी प्रत्येकी तीन पानं आणली तर चोवीस विषय होतात. कोणत्याही लेखकाला हे सोनं वाटेल.

एक उदाहरण देतो. पगार नवऱ्याच्या खात्यात, खातं जॉइंट, एटीएम कार्ड बायकोजवळ, पण बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा. पोराची फी ऑनलाइन भरायची शेवटची तारीख आज आहे. ओटीपी गेला नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा आहे नेटवर्क नसलेल्या चौकीवर. घरात सासू, दीर आणि शेजारची बाई. दिराकडे पैसे मागायचे की शाळेत जाऊन मुदत मागायची? यात बंदूक नाही, बर्फ नाही, पण अख्खा एपिसोड आहे. उपायही खराच आहे. नवरा सुट्टीवर येतो तेव्हा बँकेत दोघांनी जाऊन नंबर बदलायचा, गॅसचं बुकिंग बायकोच्या नंबरवर घ्यायचं, नेट बँकिंगला तिचं वेगळं लॉगिन काढायचं. पण सुट्टीतले पहिले चार दिवस पाहुण्यांत जातात आणि शेवटचे चार आवराआवरीत. म्हणून ते राहतंच.

सुट्टीचा हिशेबही अचूक द्या, कारण मालिकांत नायक दर सणाला दारात उभा असतो. जवानाला वर्षाला 60 दिवस ॲन्युअल लीव्ह आणि 30 दिवस कॅज्युअल लीव्ह. अधिकाऱ्याला कॅज्युअल 20 दिवस. ॲन्युअल बहुतेक जण तुकड्यांत घेतात. पहिल्या तुकड्याला "पीएएल" आणि उरलेल्याला "बीएएल" म्हणतात, हे शब्द संवादात आले की फौजी घरातला प्रेक्षक लगेच ओळखतो. कॅज्युअल लीव्ह ॲन्युअलला जोडून सहसा मिळत नाही, त्यामुळे "अजून दहा दिवस वाढवून घेतो" हे वाक्य फोनवर इतकं सहज येत नाही. शिवाय पलटणीतल्या सगळ्यांनाच दिवाळी हवी असते. गेल्या वर्षी दिवाळीला जो घरी होता, तो यंदा बहुधा गावच्या जत्रेला येतो. कोणता सण मागायचा, हा नवरा-बायकोचा वर्षातला मोठा निर्णय असतो. तो मी आजवर पडद्यावर पाहिलेला नाही.

आणि सेट. निर्मात्याच्या हातात घर, अंगण, एक गल्ली आणि फार तर पलटणीच्या ऑफिसची एक खोली असते. रेल्वे स्टेशन रोज परवडत नाही. तुम्ही घरात आणि फोनवर घडणाऱ्या गोष्टी दिल्यात तर त्या खरंच चित्रित होतील. पुढच्या चौकीवरचं वर्णन दिलंत तर ते एक तर कापलं जाईल नाही तर चुकीचं दिसेल. आणि ते तुम्ही द्यायचंही नाहीच, वकील मंडळी त्यावर सांगतीलच.

---

ट्रंकवाली

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. मी फक्त वस्तू आणि कागद सांगते, कारण चुका तिथेच जास्त होतात.

नाव. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, काही घरांत तर पहिलं नावही. फौजेत लग्नाची नोंद "पार्ट टू ऑर्डर"ने होते. युनिट कागद पाठवतं आणि रेकॉर्ड ऑफिस नोंद धरतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नवरा ज्या पलटणीचा, त्या घराचे कागद तिथे जातात. आता लग्नपत्रिकेवर एक नाव, आधारवर माहेरचं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं आणि पार्ट टू ऑर्डरमध्ये इंग्रजी स्पेलिंग चौथंच, असं झालं की त्या वेळी काहीच बिघडत नाही. बिघडतं ते वीस वर्षांनी, पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव जुळत नाही तेव्हा. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, पुन्हा पार्ट टू ऑर्डर. मुलांच्या जन्मतारखेचंही तसंच. शाळेत घालताना मास्तरांनी तारीख पुढे-मागे केली आणि फौजेत खरी नोंदली, की डिपेंडंट कार्डाला (कुटुंबीयांच्या ओळखपत्राला) अडतं. मालिकेत "कागदपत्रं हरवली" असं दाखवतात. हरवत काही नाही, फक्त जुळत नाही. हा फरक त्यांना नीट समजावून द्या.

दवाखाना. सेवेतल्या जवानाच्या बायकोच्या हातात ईसीएचएसचं कार्ड दाखवू नका म्हणावं. ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची योजना आहे. सेवेत असताना कुटुंब एमआय रूम (युनिटचा छोटा दवाखाना) किंवा मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जातं, डिपेंडंट कार्डावर. गावात राहणाऱ्या बाईची अडचण अशी की साताऱ्याहून पुण्याचं कमांड हॉस्पिटल शंभर किलोमीटरच्या पुढे आहे. पहाटे पोटात दुखायला लागलं तर ती जवळच्या खासगी दवाखान्यातच जाणार. मग पैसे परत मिळवायचे तर इमर्जन्सी होती असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र हवं, मूळ बिलं हवीत आणि युनिटला वेळेत कळवलेलं हवं. डिस्चार्जच्या गडबडीत प्रमाणपत्र मागायचं राहून जातं, आणि नंतर तोच डॉक्टर महिना फिरवतो.

क्वार्टर. पीस पोस्टिंग (कुटुंब नेता येतं अशा ठाण्यावरची बदली) आलं म्हणजे दुसऱ्या दिवशी बंगला मिळाला, असं नसतं. जवानांच्या क्वार्टरला वेटिंग असतं. नंबर लागेपर्यंत बाहेर भाड्याने राहायचं नाही तर गावात थांबायचं. फील्ड पोस्टिंगला कुटुंब नेता येत नाही. तेव्हा तीन वाटा उरतात: एसएफ म्हणजे सेपरेटेड फॅमिली क्वार्टर मिळालं तर तिथे, शहरात भाड्याने, नाही तर सासरी. या तीन वाटांवरून घरात जो वाद होतो तोच मालिकेचा कणा व्हायला हवा. सासूला वाटतं, पोरगा नाही तर निदान सून-नातवंडं तरी घरात असावीत. सुनेला वाटतं, पोरांची शाळा मोडू नये. दोघींचंही बरोबर असतं. त्यात खलनायिका शोधू नका, असं लेखकांना आवर्जून सांगा.

शाळा. बदली जूनची वाट बघत नाही. नोव्हेंबरात टीसी काढायची, नव्या गावात केंद्रीय विद्यालयात अर्ज करायचा. बदली होणाऱ्या केंद्रीय नोकरांच्या आणि संरक्षण दलातल्यांच्या मुलांना तिथे प्राधान्य असतं. पण मराठी माध्यमातून गेलेल्या पाचवीच्या मुलाला विज्ञान एकदम इंग्रजीत आणि बोलणं सगळं हिंदीत. आणि दोन वर्षांनी गावाकडे परत आलं की मराठीचं लेखन कच्चं. रात्री जेवणानंतर आई पोराकडून जोडाक्षरं गिरवून घेते आहे, हे दृश्य फुकटात चित्रित होतं.

ट्रंक. काळी पत्र्याची ट्रंक, वर पांढऱ्या रंगाने नंबर, रँक, नाव, युनिट. कलाविभाग तुमच्याकडे फोटो मागेल. देऊ नका. फोटो दिलात की तोच नंबर जसाच्या तसा सेटवरच्या ट्रंकेवर रंगवला जातो, आणि तो खऱ्या माणसाचा नंबर असतो. तोंडी वर्णन करा, अक्षरं कुठे, किती मोठी ते सांगा आणि आकडे बनावट टाका म्हणावं. पत्त्याचंही तेच. पाकिटावर "मार्फत 56 एपीओ" किंवा "99 एपीओ" (एपीओ म्हणजे फौजी टपाल कार्यालय) एवढं लिहिलेलं दिसलं तरी पुरतं, युनिटचं नाव आणि पिन कोड दाखवायची गरज नाही.

वर्दी. नव्या डिजिटल छपाईची लढाऊ वर्दी जानेवारी 2022 च्या आर्मी डे परेडला पहिल्यांदा दिसली. कथा 2016 ची असेल आणि दोरीवर नवी वर्दी वाळत असेल तर आपल्या जिल्ह्यात गल्लीगल्लीतून फोन येतील.

भाषा. घरात "सुट्टीवर आलाय", "पलटण", "मिल्ट्रीत हाय" असंच बोलतात. लाइनमध्ये राहून आलेल्या बाईच्या बोलण्यात "बडाखाना", "लंगर", "वेल्फेअर" हे शब्द आपोआप येतात, आणि रागावली की हिंदी. सासरी आल्यावर ती ते गिळते. संवादलेखकाला यातली पंधरा-वीस वाक्यं लिहूनच द्या. "लाइन" म्हणजे फॅमिली क्वार्टरची वस्ती, हेही सांगा, नाही तर ते रांग समजतील.

फोनचं एकच सांगते. "कुठं आहात?" असं कोणी विचारत नाही. "जेवला का?" विचारतात. आणि उत्तराच्या आवाजावरून बाकीचं कळतं.

---

वकिली_कट्टा

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: काय बोलायला कायद्याची अडचण आहे, आणि तुमच्या बोलण्याचं पुढे काय होतं.

पत्नी ही नागरिक आहे, तिला आर्मी ॲक्ट लागू नाही. पण 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट सगळ्यांनाच लागू आहे. शिवाय नवऱ्याला आर्मी रूल्स, 1954 मधला नियम 21 लागू आहे. सेवेशी संबंधित विषयावर परवानगीशिवाय त्याला प्रसिद्धी माध्यमांशी बोलता किंवा छापायला देता येत नाही. तुम्ही बोलताय आणि माहिती मात्र उघड त्याच्याकडूनच आलेली, असं दिसलं तर प्रश्न त्याला विचारले जातील. म्हणून सेवेतला नवरा बैठकीला सोबत नको, त्याचा व्हिडिओ कॉल नको, वर्दीतला फोटो नको. बैठक आहे एवढं त्याने वरिष्ठांना आधी सांगून ठेवलेलं बरं.

गाळायच्या गोष्टी: युनिटचा क्रमांक, ठिकाण, युनिट हलण्याची तारीख, माणसांची संख्या, शस्त्रं-वाहनं, चौकीवरचा दिनक्रम, कोणत्याही साहेबांचं नाव. मागे घडून गेलेल्या गोष्टींनाही हेच लागू.

एवढ्याने भागत नाही, कारण गाव लहान असतं. "अमुक तालुका, दोन मुली, घरी म्हशी, नवरा फौजेच्या सिग्नल शाखेत" अशा चार निरुपद्रवी गोष्टी एकत्र आल्या की अख्खं गाव बोट दाखवतं. लेखकांना सांगा की ओळख बदला, यंत्रणा बदलू नका. तालुका, मुलांची संख्या, नवऱ्याची शाखा, वर्ष, यांतल्या निदान तीन गोष्टी बदलायच्या. सुट्टीचे दिवस, कागदाचा मार्ग, फॉर्मचं नाव मात्र तसंच ठेवायचं. होतं नेमकं उलटं: गावाचं नाव खरं राहतं आणि नियम मनाने रचले जातात.

आता करार. एखादी कल्पना किंवा विषय यावर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या 1978 च्या निकालात हे स्पष्ट केलं आहे. म्हणजे तोंडी सांगितलेलं त्यांनी वापरलं तर नुसत्या कॉपीराइटच्या जोरावर अडवता येत नाही. अडवतो तो करार. म्हणून बैठकीआधी सही, बैठकीनंतर नाही. दोन पानं पुरतात आणि ती मराठीत मागा. त्यात एवढं असावं:

- माहिती फक्त या एका मालिकेच्या लेखनासाठी. दुसरी मालिका, वेब सीरिज किंवा जाहिरातीसाठी वेगळी परवानगी.
- रेकॉर्डिंग कोणाकडे राहील, किती महिने, आणि नंतर पुसलं जाईल. आवाज प्रक्षेपित होणार नाही.
- बैठकीनंतर पंधरा दिवसांपर्यंत कोणतंही वाक्य मागे घेण्याचा हक्क.
- ओळख पटणार नाही असे बदल करण्याची जबाबदारी निर्मात्याची.
- श्रेयनामावलीत नाव हवं की नको, हे प्रत्येकीने स्वतंत्र ठरवायचं. सेवेतल्यांच्या पत्नींनी "नको" लिहावं असं माझं मत.
- मानधनाचा आकडा आणि किती दिवसांत.

"सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी" हे शब्द आणि "जीवनकथेचे हक्क" असा उल्लेख दिसला की तिथे रेघ मारून बाजूला सही करा. ते नाही म्हणाले तर उठून यायचं. त्यांना तुमची जितकी गरज आहे तितकी तुम्हाला त्यांची नाही. मानधन रोख नको, बँकेत घ्या. टीडीएस कापला जाऊ शकतो, पॅन दिला नसेल तर 20 टक्क्यांनी. ज्यांनी लेखी टिपणं द्यायची आहेत त्यांनी ती आधी स्वतःला ईमेल करून ठेवावीत. टिपणाच्या शब्दांवर तुमचा कॉपीराइट आहे आणि तारीख सिद्ध होते.

आणखी एक. जुलै 2020 मध्ये संरक्षण मंत्रालयाने चित्रपट परीक्षण मंडळाला पत्र लिहिलं होतं. सैन्यावरचे चित्रपट, वेब सीरिज दाखवण्याआधी निर्मात्यांनी मंत्रालयाचं ना-हरकत पत्र घ्यावं, असं त्यात सुचवलं होतं. तुमच्या निर्मात्यांनी काय विचार केलाय ते विचारा. पण ते काम त्यांचं. ते पत्र मिळालं म्हणून तुम्हाला काहीही बोलायची मुभा मिळत नाही.

शेतीचा विषय मालिकेत येणारच, तर दोन खरे धागे देतो. खरेदी किंवा वाटपानंतर सातबाऱ्यावर नाव चढायला तलाठ्याची फेरफार नोंद होते, मग हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस, मग मंडल अधिकाऱ्याची मंजुरी. तीन आठवड्यांच्या सुट्टीत दस्त होतो, मंजुरी होत नाही, आणि कोणी हरकत घेतली तर जवान निघून गेलेला असतो. दुसरा धागा म्हणजे इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, 1925. युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत सेवेत असलेल्या जवानावर दावा चालू असेल आणि त्याच्या वतीने हजर राहणारं कोणी नसेल, तर कमांडिंग ऑफिसरच्या प्रमाणपत्रावर न्यायालय दावा स्थगित ठेवू शकतं. भावकीने एकतर्फी निकाल मिळवला, असं दाखवण्याआधी लेखकांनी हा कायदा वाचावा.

---

कृष्णाकाठ

खूप आभार. पानं लिहायला घेतली आहेत. दोन शंका उरल्या. एकीचा धाकटा दीर अग्निवीर आहे. टीमला त्याच्या लग्नाचा ट्रॅक (उपकथा) हवाय म्हणे, ते बरोबर आहे का? आणि वीरपत्नी ताईंबद्दल अजून कोणी बोललं नाही.

---

पलटण_पेन्शन

अग्निवीरांचं थोडक्यात. भरती अविवाहितांचीच होते आणि चार वर्षं पूर्ण होईपर्यंत लग्नाला परवानगी नाही. योजना जून 2022 ची. त्यामुळे अग्निवीर सेवेत असताना त्याचं लग्न लावलंत तर पहिल्याच भागात पकडले जाल. सुट्टी वर्षाला 30 दिवस. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले 9,000 निधीत कापून हातात 21,000. चार वर्षांनी सेवानिधीचे साधारण 11.71 लाख, आणि कायम होण्याची संधी चारातल्या एकाला. खरा ट्रॅक सोयरिकीचा आहे. मुलीचे वडील विचारणार, "कायम होणार का?" आणि त्याचं उत्तर त्या दिवशी कोणाकडेच नसणार. घरात मोठा भाऊ जुन्या भरतीचा, पेन्शनचा हक्कदार, आणि धाकटा अग्निवीर. एकाच ताटात जेवणारे दोघे. लेखकांना हेच द्या.

---

माजी_कल्याण

वीरपत्नींबद्दल लिहितो.

पहिलं म्हणजे ताईंना आठजणींच्या बैठकीत बसवू नका. बाकीच्या सातजणींचे नवरे हयात आहेत. त्यांच्यादेखत ताई एक तर बोलणार नाहीत, नाही तर सगळ्यांना सावरत बसतील. वेगळी बैठक ठेवा, ताईंच्या पसंतीच्या जागी. सोबत त्यांनी निवडलेली एक बाई. 45 मिनिटं, मध्ये विश्रांती, मग ताईंची इच्छा असली तर आणखी 45. प्रश्न चार दिवस आधी लेखी. त्यांनी काट मारलेला प्रश्न फिरवून विचारायचा नाही. बातमी मिळाली तो क्षण आणि अंत्यविधी हे दोन विषय टीमच्या यादीत असतील तर ते आधीच काढून टाका. ते क्षण सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिलेत, ताईंकडून ते पुन्हा वदवून घेण्याची गरज नाही. वर्ष उलटलं नसेल तर बैठकच नको.

मग विचारायचं काय? तेराव्यानंतरचं. तिथून पुढे कोणी दाखवत नाही आणि खरी लढाई तिथे सुरू होते.

पहिल्या आठवड्यात तिच्या कानावर दोन शब्द पडतात: बॅटल कॅज्युअल्टी (कारवाईतली) आणि फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणाने झालेली). "शहीद" हा शब्द बॅनरवर असतो, कागदावर नसतो. वर्गवारी ठरते ती मृत्यू कोणत्या परिस्थितीत झाला यावर, आणि पेन्शन ठरते ती वर्गवारीवर. युद्धात किंवा तत्सम कारवाईत मृत्यू झाल्यास लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे शेवटच्या गणनायोग्य वेतनाइतकी पूर्ण रक्कम. सेवेमुळे मृत्यू झाला पण कारवाईत नाही, तर स्पेशल फॅमिली पेन्शन, 60 टक्के. बाकीच्यांना ऑर्डिनरी. गावाच्या लेखी तिघींचंही दुःख सारखं असतं, पण दरमहा खात्यात येणारा आकडा सारखा नसतो.

पेन्शन पत्नीच्या नावे होते. आर्मी ग्रुप इन्शुरन्सची रक्कम मात्र नामांकनाप्रमाणे जाते. भरतीच्या वेळी पोरगा अविवाहित होता, तेव्हा आईचं नाव लिहिलेलं. लग्नानंतर बदलायचं राहून गेलं, किंवा त्याने विचार करून आई आणि बायको दोघींना वाटा ठेवला. फॉर्म उघडतो त्या दिवशी घरात जे होतं त्याला लोभ म्हणू नका. आईने मुलगा गमावलाय आणि सुनेसमोर पुढची चाळीस वर्षं आहेत. ज्या घरात जवानाने सुट्टीवर असताना दोघींना समोर बसवून नामांकन वाचून दाखवलं, तिथे वाद कमी होतो. मालिकेत असं एक दृश्य आधीच्या भागात टाकलं तर पाहणारे शेकडो जवान आपले फॉर्म तपासतील. माझ्या मते अख्ख्या मालिकेतलं सगळ्यात उपयोगाचं दृश्य ते असेल.

पुनर्विवाह. दिराशी लग्न लावून देण्याचा ट्रॅक लेखकांना फार आवडतो. त्यामागे पैशाचं एक खरं कारण होतं, ते त्यांना सांगा. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेने पुनर्विवाह केला तर बंद व्हायचा, आणि 1995 पासून तो दिराशी लग्न केलं तरच चालू राहायचा. ही अट 2017 मध्ये काढून टाकली. म्हणजे आज कोणी "दिराशीच कर, नाही तर भत्ता जाईल" असं म्हणत असेल, तर ते चुकीचं आहे. ती बाई जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन आदेशाची प्रत मागू शकते. हे पडद्यावर दाखवा.

तार दाखवू नका. भारतात तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली. बातमी आधी फोनने येते, बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाला किंवा गावातल्या माजी सैनिकाला. मग प्रशासनाची माणसं दारात येतात. कित्येकदा गावाला आधी कळलेलं असतं आणि तिला सगळ्यात शेवटी. लेखकांनी विचार करावा तो यावर: तिला शेवटी सांगायचं, हे कोण ठरवतं?

शब्दाचंही बघा. फौजेत "वीर नारी" म्हणतात, महाराष्ट्रात सरकारी कागदावर "वीरपत्नी". ताईंना कोणता शब्द चालतो ते विचारून तोच वापरा. काहींना दोन्ही नको असतात, नुसतं नाव हवं असतं.

---

दुसरा_ड्राफ्ट

यावर लेखनाच्या बाजूने एकच जोडतो. संहिता वाचायला मागा, पण सगळी नाही, ती कोणी देणार नाही. "तथ्य तपासणी" म्हणून फक्त फौजी कागद, फोन आणि दवाखान्याची दृश्यं मागा. रोजच्या मालिकेत दृश्य लिहिल्यापासून चित्रित होईपर्यंत कधी कधी दोनच दिवस असतात, म्हणून तुमच्याकडून एकीचं नाव ठरवा. दृश्य व्हॉट्सॲपवर आलं की चार तासांत "बरोबर" किंवा "चूक, कारण अमुक" एवढंच उत्तर. आठजणींनी आठ मतं पाठवली तर तिसऱ्या दिवसापासून ते पाठवणंच बंद करतील.

---

कृष्णाकाठ

ठरलं मग. ताईंची बैठक वेगळी, त्यांच्या माहेरी, आणि प्रश्नांची यादी त्यांनी बघितल्यावरच तारीख देणार. आम्हा सातजणींची एकवीस पानं होतील: ओटीपी, नावाचं स्पेलिंग, नोव्हेंबरातली टीसी, दिवाळी की जत्रा, सातबारा आणि नामांकन यांपासून सुरुवात करतोय. कराराचा मसुदा मराठीत मागवला आहे. तो आला की नावं काढून इथे टाकते, वकिली_कट्टा यांनी तेवढी नजर टाकावी ही विनंती. तथ्य तपासणीला जिचा नवरा पेन्शनवर आलाय तिचं नाव दिलंय. ती लाइनमध्येही राहिली आहे आणि गावातही, आणि फोन लगेच उचलते.